घरचं भांडण आणि आठशे पानांची कादंबरी

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

मी पंचेचाळिशीची, पुण्यात नोकरी करते. माहेर सातारा जिल्ह्यातलं. आई सहा वर्षांपूर्वी गेली. अण्णा गावी एकटेच असतात, वय ७६, तब्येत खणखणीत आणि जीभ त्याहून. आमच्या लहानपणी घरात पैसा होता, पण तो पत्त्यांत आणि बैठकांत जायचा. आईला चारचौघांत घालूनपाडून बोलणं हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. आता जमिनीवरून दादा आणि अण्णांचं जुंपलं आहे. दादा म्हणतो, आजोबांच्या जमिनीचा तुकडा विकून तुम्ही उडवलात, माझा हिस्सा मोकळा करा. अण्णा म्हणतात, तुला दुकान टाकायला दिले तेच तुझ्या हिश्श्याचे. धाकटा कॅनडात आहे, तो म्हणतो माझं नाव यात घेऊ नका. राहिले मी. दोघांचेही फोन मलाच येतात आणि दोघांचीही समजूत मीच घालते. आता दादा हक्कसोडपत्रावर सही मागतो आहे. म्हणतो, ‘तुझी सही झाली की मी एकटा त्यांच्याशी निपटतो.’

आमच्या वाचनकट्ट्याने रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीची ‘द ब्रदर्स करामाझोव्ह’ घेतली आहे, इंग्रजी अनुवादातून. मी पाचव्या भागापर्यंत आले. बापाशी पैशांवरून भांडणारा मित्या, लांबून बघणारा इव्हान, मधल्या मध्ये धावणारा अल्योशा. मला ते पुस्तक राहिलंच नाही, घरच झालं. इव्हान त्या पाच वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगतो तिथे पुस्तक मिटलं. तेव्हापासून झोप नीट नाही. यजमान म्हणतात, घरी कमी आहे का, पुस्तकातही तेच कशाला? पुस्तक सोडू का? जन्मदात्या बापात तो घाणेरडा म्हातारा दिसतो, हे पाप आहे का? आणि पुस्तक दादाला दिलं तर त्याचे डोळे उघडतील का?

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकते. दादाला पुस्तक देऊ नका. सही अडलेली असताना बहिणीने रशियन कादंबरीचा ठोकळा हातात ठेवला, तर माणूस पहिल्यांदा हेच शोधणार की यात मी कोण. आणि तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे त्याला दिसणार की बापाला जमिनीवर पाडून तोंडावर टाच मारणारा तो मीच. लेकी बोले सुने लागे हा प्रकार आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत चालतो, आठशे पानांच्या कादंबरीतून चालत नाही. त्याने आपणहून विचारलं की काय वाचतेस, तर सांगा. तेवढं पुरे.

आता पुस्तक सोडायचं की नाही. तुमच्या प्रश्नात एक गृहीत धरलेलं दिसतं, की घेतलेलं पुस्तक संपवणं हे कर्तव्य आणि अर्धवट सोडणं ही हार. हे कुणी ठरवलं? ही कादंबरी एका मासिकातून जानेवारी १८७९ ते नोव्हेंबर १८८० या काळात तुकड्या-तुकड्याने आली. पहिल्या वाचकांना पुढच्या अंकाची वाट पाहावीच लागत होती. तुमच्या कट्ट्याने तीन महिन्यांत उरकायची ठरवली, तो कट्ट्याच्या वेळापत्रकाचा भाग झाला.

तुम्ही थांबलात ती जागाही बघा. तिथे पुष्कळ धडधाकट वाचक थांबतात. इव्हान वर्तमानपत्रांतली कात्रणं जमवून ठेवणारा माणूस. आईबापांनी छळलेल्या, थंडीत रात्रभर संडासात कोंडलेल्या त्या मुलीची हकीकत तो भावाला एका खाणावळीत बसून ऐकवतो. त्या हकीकती आपण रचलेल्या नाहीत, छापून आलेल्या आहेत, असं दोस्तोयेव्हस्कीने आपल्या संपादकांना कळवलं होतं. म्हणजे वाचताना पोटात कालवतं ते तुमचं हळवेपण नव्हे. ज्या घरात आईला रोज रडताना पाहिलं त्या घरातली मुलगी ही पानं कोरड्या डोळ्यांनी वाचणार नाही. ती पुन्हा वाचायची नाहीत. पुढे जायचं असेल तर ती सोडून पुढे जा, काही अडत नाही.

पण सोडण्याआधी त्याच प्रकरणातल्या एका जागेकडे लक्ष वेधते, कारण तुमच्या पत्राचा गाभा मला तिथे सापडला. इव्हान एका जनरलची गोष्ट सांगतो. त्याने एका लहानग्यावर, आईच्या डोळ्यांदेखत, कुत्री सोडली. मग इव्हान अल्योशाला विचारतो, या माणसाचं काय करायचं? आणि हा मठातला, गरीब गाय म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलेला मुलगा पुटपुटतो, गोळी घालायची. इव्हानला आनंद होतो. म्हणतो, म्हणजे तुझ्याही मनात एक छोटा सैतान बसलाय तर.

तुम्ही पत्रात स्वतःला अल्योशाच्या जागी ठेवलं आहे. मधला, समजूतदार, दोन्हीकडे धावणारा. ठीक. मग अल्योशा नक्की काय काय आहे ते पाहू. त्याच्याही आधीच्या एका प्रसंगात मित्या आपल्या सगळ्या भानगडी त्याच्यापुढे ओततो आणि अल्योशा लाजून लाल होतो. मित्याला वाटतं, माझं ऐकून याला शरम वाटली. अल्योशा म्हणतो, तसं नाही, मीही तुझ्यासारखाच आहे. शिडी एकच, मी खालच्या पायरीवर आहे आणि तू वर, तेराव्या पायरीवर असशील. हे वाक्य मी तुमच्या पत्राशेजारी ठेवून पाहिलं. तुमच्या पत्रात अण्णांचा राग आहे, दादाचा राग आहे, धाकट्याचा तुसडेपणा आहे. तुमचा राग कुठे आहे? दोन पानी पत्रात तो एकदाही आलेला नाही. ‘मी समजूत घालते’ हे मात्र वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलं आहे.

मला वाटतं, झोप उडाली त्याचं कारण इथे आहे. पुस्तकाने तुम्हाला अण्णा दाखवले म्हणून झोप गेली असं तुम्ही धरून चालला आहात. अण्णा तुम्हाला पंचेचाळीस वर्षं दिसतच आहेत. नवीन दिसलं असेल ते हे, की त्या घरात बाहेरचा कुणीच नाही. समजूत घालणारासुद्धा घरचाच, त्याच रक्ताचा, आणि त्यालाही गोळी घालावीशी वाटते.

आणि अल्योशाची समजूत तरी किती कामाची ठरते? त्याचे गुरू झोसिमा त्याला बजावून सांगतात की भावांजवळ राहा, एकाच्या नाही, दोघांच्याही. इव्हानला भेटून निघाल्यावर तो मित्याला साफ विसरतो. लेखक तिथेच सांगून टाकतो की पुढे आयुष्यात त्याला अनेकदा याचं नवल वाटलं, सकाळीच तर मित्याला शोधायचं पक्कं ठरवलं होतं, मग आपण विसरलो कसे. त्यानंतर झोसिमा जातात, तो स्वतःच्या दुःखात बुडतो, आणि तिकडे घरात व्हायचं ते होतं. म्हातारा बाप फ्योदोर पावलोविच भयंकर मरणाने गेला हे कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात आहे, तेव्हा मी काही गुपित फोडत नाही. कुणी मारलं ते मात्र सांगणार नाही. सांगायचं इतकंच की अल्योशासारखा अल्योशाही घर वाचवू शकत नाही, आणि लेखक त्याबद्दल त्याला दोष देत नाही.

त्याला जमतं ते फार लहान असतं. तुम्ही चौथा भाग वाचला आहे, तो बोट चावणारा मुलगा आठवा. शाळकरी पोरगा, अल्योशावर दगड मारतो, मग झेप घेऊन बोट असं चावतो की दात हाडापर्यंत जातात. अल्योशा रुमाल काढून बोट बांधतो, त्याला जवळजवळ मिनिट लागतो, आणि पोरगा तोवर तिथेच उभा राहतो. मग अल्योशा शांतपणे विचारतो, मी तुझं काय केलं, सांग. पोरगा मोठ्याने रडत पळून जातो. काय केलं होतं ते त्याला मागाहून कळतं. मित्याने त्या पोराच्या बापाची, एका कफल्लक कॅप्टनची, दाढी धरून त्याला खानावळीतून बाहेर ओढत आणलं होतं. का, तर म्हाताऱ्या करामाझोव्हने मित्याच्या कर्जचिठ्ठ्यांच्या भानगडीत त्या कॅप्टनला वापरलं होतं. बापलेकांचा पैशांचा वाद, आणि चावा बसला धाकट्या भावाच्या बोटाला. तुमची झोप, तुमच्या यजमानांची कुरकुर, हे सगळं त्याच हिशोबात येतं.

आता सहीविषयी, कारण मला पुस्तकापेक्षा याचीच जास्त काळजी वाटते. तुम्ही स्वतःला मध्यस्थ म्हणता. जमीन आजोबांची म्हणजे वडिलोपार्जित असेल, तर कायद्याने तुम्ही मध्यस्थ नाही, हिस्सेदार आहात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० च्या निकालात तो आणखी स्पष्ट केला. लग्न झाल्याने तो जात नाही. कादंबरीतही हा हिशोब चुकलेला नाही. पुढे एक पात्र इव्हानला थंडपणे मांडून दाखवतं की बाप गेला तर तिघा भावांना सुमारे चाळीस-चाळीस हजार रूबल येतील, आणि मित्या दोषी ठरला तर त्याचा वाटा उरलेल्या दोघांकडे येऊन ते साठ-साठ होतील. त्या दोघांत अल्योशा आला. त्याने एक पैसा मागितलेला नाही, तरी आकड्यात तो आहे.

तेव्हा दादा म्हणतो तशी ही ‘नुसती सही’ नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झालं की मागे घेणं महाकठीण. तुम्हाला हिस्सा नको असेल तर खुशाल सोडा, पण तो भांडण मिटावं म्हणून सोडू नका, कारण त्याने मिटणार नाही. दादाच म्हणतो आहे, सही झाली की मी निपटतो. म्हणजे सही ही भांडणाची सुरुवात आहे. दादाचा वकील वेगळा, तुमचा वेगळा असू द्या. खर्चाचं कोडं असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जमीन कुठली वडिलोपार्जित, कुठली अण्णांनी स्वतः घेतलेली, कुठला तुकडा कधी विकला, हे सातबारा आणि फेरफार उताऱ्यांवरून आधी पाहून घ्या. तोवर दादाला एवढंच सांगा, ‘कागद बघितल्याशिवाय मी सही करत नाही.’ कारणं देत बसू नका. कारण दिलं की त्याला उत्तर येतं आणि फोन तासभर चालतो.

फोनचंही तसंच. तुम्ही निरोप नेता-आणता. अण्णा काय म्हणाले ते दादाला, दादा काय म्हणाला ते अण्णांना, अर्थात धार काढून. धार तुम्ही काढता म्हणून दोघांनाही ती सोसावी लागत नाही, आणि म्हणून दोघांपैकी कुणाला थांबायची गरज पडत नाही. एकदा करून बघा. ‘अण्णा, हे तुम्ही दादाशीच बोला, मी तब्येतीचं विचारायला फोन केलाय.’ पहिल्यांदा ते फोन आपटतील. आपटू द्या.

झोसिमा म्हणतात की प्रत्येक जण सगळ्यांपुढे, सगळ्यांसाठी अपराधी आहे. हे चौथ्या भागात तुमच्या नजरेखालून गेलं असेल, सहाव्या भागात पुन्हा येईल. तुमच्यासारख्या बायकांनी हे वाक्य जपून वाचावं. त्यात बुडून तुम्ही अण्णांच्या पत्त्यांचा आणि दादाच्या रागाचाही दोष अंगावर घ्याल अशी मला भीती वाटते. ते वाक्य सगळ्यांना उद्देशून आहे, त्या सगळ्यांत अण्णाही येतात. ते एकट्या तुमच्या नावावर चढवलेलं कर्ज नाही.

आता पापाचं. बापात फ्योदोर पावलोविच दिसला तर दिसला. दिसणं हा गुन्हा नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, लेखकाने त्या म्हाताऱ्याला स्वतःचं नाव दिलं आहे. दोस्तोयेव्हस्कीचंही नाव फ्योदोर. मे १८७८ मध्ये त्याचा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा अपस्माराच्या झटक्याने गेला, त्याचं नाव अल्योशा. ते नाव त्याने कादंबरीतल्या सर्वांत गोड मुलाला दिलं आणि आपलं त्या विदूषक बापाला. का, याची उत्तरं अभ्यासक शोधत बसोत. मला एवढं दिसतं की हा माणूस त्या बापावर लांबून थुंकत नव्हता.

पण साम्य शोधताना फरकही शोधा. फ्योदोर पावलोविच पंचावन्नाव्या वर्षी मरतो, त्याच्यापुढे काही विचारायची सोय मुलांना राहत नाही. तुमचे अण्णा आहेत. विचारायचं की नाही हे तुमच्या हातात आहे, आणि न विचारण्याचा हक्कही तुम्हालाच आहे. ‘ते आहेत तोवर गोड करून घे’ असं सांगणारे नातेवाईक भेटतील. त्यांच्यापैकी किती जण तुमच्या आईला बोलणी बसत असताना मध्ये पडले होते, हे आठवून मग त्यांचं ऐका.

त्या म्हाताऱ्याचा मोठा गुन्हा मला बायकांच्या भानगडीत किंवा दारूत दिसत नाही. पोरांना विसरला, त्यात दिसतो. आई घर सोडून गेल्यावर तीन वर्षांचा मित्या अंगणात कुठेतरी पडलेला असतो आणि बापाला, वाईट इच्छेने नव्हे, निव्वळ आठवणच राहत नाही. ग्रिगोरी नावाचा नोकर त्याला आपल्या खोलीत नेतो, सांभाळतो. पुढे कोर्टात, बाराव्या भागात, एक म्हातारा जर्मन डॉक्टर साक्षीला येतो. त्याला आठवतं की हे पोर मागच्या अंगणात अनवाणी हिंडायचं, विजार एका गुंडीवर लटकलेली. त्याने त्याला पौंडभर अक्रोड-बदामाचा पुडा आणून दिला होता. तेवीस वर्षांनी एक तरुण त्याच्या दारात उभा राहतो, आभार मानायला. कारण तोवर त्याला कुणी कधी पुडा आणून दिलाच नव्हता. आपल्याकडे कुणी कचेरीत अशी साक्ष दिली तर न्यायाधीश घड्याळ बघतील. खटल्याच्या त्या गदारोळात मला ही साक्ष वकिलांच्या भाषणांपेक्षा वजनदार वाटते.

हे सांगण्याचं कारण तुमचा दादा. तो मोठा. अण्णांचा सगळ्यात उमेदीचा काळ त्याच्या वाट्याला आला असणार. मित्या ज्या तीन हजार रूबलसाठी जीव टाकतो, ते मिळाले तर आईच्या बाजूचं बाकी सगळं सोडायला तो तयार असतो. बापाच्या उशाशी तेवढ्याच तीन हजारांचं पाकीट रिबिनीने बांधून ठेवलेलं असतं, पण ते बापलेक दोघांनाही हव्या असलेल्या ग्रुशेंकासाठी, ती आली तर. मुलाला नाहीत आणि बाईला आहेत, हे मित्याला जाळतं. दादाचा आकडाही जमिनीच्या बाजारभावाशी जुळतो का, की त्यात लहानपणाचं व्याज लावलेलं आहे? व्याज असेल तर ते कुठलीही दिवाणी कोर्टाची डिक्री देणार नाही. हे दादाला ऐकवू नका, तुमच्यापुरतं ठेवा. त्याच्याशी बोलायचंच असेल तर जमिनीचा विषय नसलेल्या दिवशी बोला, आणि विचारा की तुझ्या लहानपणी तुला घरात कोण होतं. आई, आजी, शाळेतले एखादे सर, शेजारची काकू. तुम्हालाही कुणीतरी असेल. तुम्ही दोघं त्या घरातून सावरून बाहेर पडलात, ते आपोआप झालेलं नाही.

आता कादंबरी, ज्यांना पुढे वाचायची आहे त्यांच्यासाठी आणि तुम्हालाही वाटली तर. रात्री वाचू नका, सकाळी चहाबरोबर एक प्रकरण, जास्त नाही. नावांचा कागद करून पुस्तकात ठेवा, कारण दमित्री म्हणजेच मित्या, अलेक्सेई म्हणजेच अल्योशा, अग्राफेना अलेक्सांद्रोव्हना म्हणजेच ग्रुशेंका, आणि कातेरिना इव्हानोव्हना कधी नुसती कात्या. पुष्कळ जण या नावांच्या गोंधळातच गळतात आणि म्हणतात पुस्तक जड आहे. पाचव्या भागात इव्हानने सांगितलेलं महान्यायाधीशाचं प्रकरण कट्ट्यावर फार चर्चिलं जाईल. ते नाही झेपलं तर चाळून पुढे जा. सहावा भाग संथ आहे, झोसिमांचं चरित्र, आवडलं तर ठीक. आठवा मात्र घोड्यावरून सुटतो, तो सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा. दहावा, शाळकरी मुलांचा, अजिबात गाळू नका. तो बोट चावणारा मुलगा तिथे पुन्हा भेटतो, आणि त्याच्या बापाने आधी चुरगाळून पायाखाली तुडवलेले दोनशे रूबल शेवटी घेतले हेही तिथे कळतं. ते तुडवतो तेव्हा अल्योशा चिडत नाही, उलट म्हणतो, बरं झालं, घेतले असते तर उद्या अपमानाने रडला असता. समजूत घालणाऱ्याला हे कळणं कठीण असतं, की समोरच्याने आपली मदत नाकारली त्यातही त्याचा मान आहे.

अनुवाद कुठला, हेही पाहा. कॉन्स्टन्स गार्नेटचा १९१२ चा अनुवाद फुकट मिळतो आणि ओघवता आहे. पेव्हिअर आणि व्होलोखोन्स्की यांचा १९९० चा मूळच्या खडबडीतपणाला धरून राहतो. तुम्हाला आत्ता खडबडीत नको आहे, गार्नेट वाचा.

एक अपेक्षा मात्र सोडून द्या, की शेवटी घर जुळेल. तसला शेवट यात नाही. अल्योशाची पुढची गोष्ट दुसऱ्या कादंबरीत सांगणार असं लेखक प्रस्तावनेतच म्हणाला होता. फेब्रुवारी १८८१ मध्ये तो गेला, शेवटचा हप्ता छापून येऊन तीन महिनेही झाले नव्हते. ती दुसरी कादंबरी लिहिलीच गेली नाही.

झोपेचं हलक्यात घेऊ नका. पुस्तक बाजूला ठेवूनही दोन आठवड्यांत झोप रुळावर आली नाही, छातीत धडधड होत राहिली, लहानपणचे प्रसंग नको असताना समोर येत राहिले, तर समुपदेशकाकडे जा. लगेच कुणी मिळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, मराठीतून बोलता येतं. यजमानांनाही सांगा. ‘घरी कमी आहे का’ हा त्यांचा प्रश्न टोमणा वाटला तरी त्यांना काहीतरी दिसलेलं आहे. त्यांना पुस्तकाची कथा सांगू नका, घरची सांगा. हक्कसोडपत्राचं तुम्ही त्यांना सांगितलं आहे का, ते पत्रात कुठे दिसलं नाही.

राहिला कट्टा. तिथे जा. ‘मी पाचव्या भागापर्यंत वाचलं, पुढचं सध्या वाचत नाही’ एवढं सांगून बसलात तरी चालतं, कुणी हजेरी घेत नाही. चर्चेत कुणीतरी हमखास म्हणेल की अशी कुटुंबं रशियातच असतात. तेव्हा उत्तर द्यावंसं वाटलं तर द्या, पण घरचं काही सांगायचं नाही असं आधी ठरवून जा, कारण साताऱ्याकडचं एखादं माणूस त्या खोलीत असतंच.